"माझ्यामुळेच तिला पीसीओएस झाला का?"

आया हे विचारतात ते बहुतेक वेळा मुलगी बाहेर थांबलेली असताना. मुली तेच वेगळ्या शब्दांत विचारतात : "आईकडूनच आलंय, म्हणजे आता सुटका नाही ना?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. पीसीओएस म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होणं, चेहऱ्यावर केस येणं असा स्त्रियांमधला त्रास. पुढच्या हकिगतीत नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मृण्मयी 24 वर्षांची. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नसे, हनुवटीवर राठ केस. तपासण्या होऊन निदान झालेलं, घरात स्थळं बघणं सुरू. आजीचं म्हणणं, "आईचंच घेतलंय." वडिलांचं, "बाहेरचं खाणं बंद कर, होईल नीट." एकाच्या मते दोष रक्ताचा, दुसऱ्याच्या मते मुलीचा.

मी कागद पुढे ठेवला. "दोन्ही घरांतली माणसं लिहूया." आईकडे मावशीची पाळी अनियमित. बाबांकडे आजोबांना मधुमेह, आत्याला चेहऱ्यावर लव, बाबांना तिशीतच टक्कल. बाबा चमकले. "माझ्या टकलाचा काय संबंध?"

संबंध आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात पीसीओएसशी निगडित डीएनएमधल्या 14 जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी थोडा. त्यातले काही धागे मधुमेहाशी आणि पुरुषांच्या टकलाशीही जुळतात. म्हणजे हा वारसा बापाकडूनही येतो.

आणखी एक आकडा लोक चुकीचा वाचून घाबरतात. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या 2006च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 टक्के निघाला. आईला असेल तर मुलीला 70 टक्के शक्यता, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. स्त्री-स्त्रीमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, एवढंच तो सांगतो. वजन, झोप, हालचाल यांनी याच शरीरातलं इन्सुलिन बदलतं, आणि ते वाढलं की अंडाशयात पुरुषी संप्रेरकंही जास्त तयार होतात. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी सुधारते.

हे सगळं ऐकूनही मृण्मयीचा चेहरा तसाच. "पण मला मूल होणार नाही ना?"

इथे आई पहिल्यांदा बोलली. "माझीही पाळी अशीच होती गं. लग्नानंतर चार वर्षं काही नाही. काय काय ऐकून घेतलं. तुला कधी सांगितलंच नाही."

मृण्मयी तिच्याकडे बघत राहिली. "मग मी झाले कशी?"

"झालीस की."

दोघी रडल्या, मग हसल्या. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही. आईला पीसीओएस होता की नाही हे आता कुणी सांगू शकत नाही, तेव्हा तपासणी झालीच नव्हती. पण जे मी पुराव्यांनिशी समजावत होते, ते त्या मुलीला आईच्या एका वाक्यात पटलं. माझा समजुती तपासून बघण्याच्या पद्धतीवर विश्वास आहे तो यासाठीच : भीती परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीच्या ठाम समजुतीवर जगते, आणि समजूत तपासायला घरातल्याच माणसाचा अनुभव फार उपयोगी पडतो. म्हणून मी शक्यतो आईलाही सत्रात बसवते. त्या दिवशी तो निर्णय योग्य ठरल्याचं समाधान मला अजून आहे.

तुमच्या घरी असं असेल तर डॉक्टरांना दोन्ही बाजूंचा इतिहास सांगा, फक्त आईकडचा नको. मुलीच्या साखरेची, रक्तदाबाची तपासणी होऊ द्या. आई, बाबा, भावानेही साखर तपासून घ्यावी. मूल हवं तेव्हा बीज तयार होण्यासाठी औषधं आहेत, आणि पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं. मन सतत खचलेलं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात.

निघताना आईने धाकटीचं विचारलं. ती 13 वर्षांची, पाळी नुकतीच सुरू झालेली. "तिचीही सोनोग्राफी करून घेऊ का?" मी नको म्हटलं. किशोरवयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं 2023ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सुरुवातीला पाळी मागेपुढे होतेच. तारखा लिहून ठेवायला शिकवा, आणि तीन वर्षांनंतरही चक्र 35 दिवसांच्या पुढे जात राहिलं तर डॉक्टरांकडे न्या.