वाचकांचे प्रश्न: वीस बोअरची सेमी-ऑटो अंगासरशी करताना

स्कीट आणि स्पोर्टिंग क्लेज, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या (क्लेज) छर्ऱ्यांच्या बंदुकीने टिपण्याचे खेळ, खेळणाऱ्या अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बोअर किंवा गेज हे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक; सेमी-ऑटो म्हणजे प्रत्येक बारानंतर टरफल स्वतःच बाहेर टाकून पुढचं काडतूस भरणारी बंदूक. शेवटचा तेवढा कोल्हापूरचा आहे. दुरुस्तीची अवजारं हातात घेण्याआधी बंदुकीचं चेंबर (काडतूस उडतं ती जागा) आणि मॅगझिन (पुढची काडतुसं भरायची नळी) दोन्ही रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्न: जुनी रेमिंग्टन 1100, वीस बोअर, घेतली आहे. चोक (बॅरलचं तोंड किंचित आवळणाऱ्या नळ्या) बदलता यावेत म्हणून तिला 3 इंची, म्हणजे 3 इंच लांबीची जड काडतुसं घेणारं, मॅग्नम बॅरल बसवलं. आता 7/8 औंसची काडतुसं नीट बाहेर पडत नाहीत, रिकामं टरफल खिडकीतच अडकतं. वायूची भोकं थोडी मोठी करून घेऊ का? (ह्यूस्टन)

नका करू. या बंदुकीत बॅरलच्या भोकांतून जळत्या दारूचा थोडा वायू खाली येतो आणि मॅगझिनच्या नळीवरचा पिस्टन मागे ढकलतो. सगळं चक्र त्यावर चालतं. मॅग्नम बॅरलची भोकं मुद्दामच लहान असतात, कारण जड काडतूस जास्त वायू देतं. 7/8 औंस, म्हणजे जेमतेम 25 ग्रॅम छर्रे, तेवढ्या भोकांतून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागे नेऊ शकत नाहीत. भोकं वाढवलीत तर हलकी काडतुसं चालतील, पण कधी जड काडतूस घातलंत की बोल्ट रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याच्या) मागच्या भिंतीवर आदळेल. आणि एकदा मोठं केलेलं भोक पुन्हा लहान होत नाही. चोकचे आटे असलेलं, पावणेतीन इंची काडतुसांचं बॅरल शोधा, हाच सरळ मार्ग.

ते घेताना बंदुकीच्या क्रमांकाच्या शेवटचं अक्षर पाहा. X असेल तर ती बारा बोअरच्या मोठ्या सांगाड्यावर बांधलेली जुनी वीस बोअर, K असेल तर हलक्या सांगाड्याची. या दोन जातींची बॅरलं एकमेकींना बसत नाहीत. जुन्या सामानाच्या बाजारात दोन्हींवर नुसतं ‘1100, 20 गेज’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि फसगत तिथेच होते.

पण बॅरलवर खापर फोडण्याआधी पाच मिनिटांचं काम करा. मॅगझिनच्या नळीवर खाचेत एक रबरी ओ-रिंग असते. ती चिरली किंवा चपटी झाली की वायू पुढून निसटतो आणि लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखीच दिसतात. नवी रिंग स्वस्त असते; वायटनची घ्या, उष्णता आणि सफाईचं रसायन दोन्ही सोसते. जादा दोन रिंगा पिशवीत टाकून ठेवा. बसवताना बोटाला तेलाचा थेंब लावून ती नळीवरून सरकवा, स्क्रू-ड्रायव्हरने ओढू नका. क्रम असा: पिस्टन, त्यापुढे सील, सगळ्यांत पुढे रबरी रिंग. पिस्टन किंवा सील उलटं बसलं तर बंदूक कधी चालेल, कधी अडेल, आणि कारण सापडणार नाही. मग भोकं साफ करा: सैल जाईल अशा मापाचं ड्रिलचं पातं घ्या आणि नुसत्या बोटांनी फिरवा, मशिनला लावू नका. नळीवरची काजळी 0000 नंबरच्या स्टील वूलने, तेल लावून काढा आणि कोरडी पुसा. तिथे तेल साचू दिलंत तर ते जळून डांबरासारखं चिकटतं.

चाचणी रेंजवर घ्या. एकच काडतूस घालून उडवा. टरफल बाहेर पडून बोल्ट मागे अडकून राहिला तर वायू पुरेसा आहे. टरफल पडलं पण बोल्ट पुढे परतला, तर वायू अजून कमी पडतोय.

प्रश्न: पत्नीसाठी बेनेली एम2, वीस बोअर, घेतली. तिची उंची बेताची आहे. दस्ता लांब पडतो आणि मारा नेमापेक्षा वर जातो. दस्ता कापून घ्यावा का? (डॅलस)

आधी मोजा, करवत नंतर. चापाच्या मध्यापासून रबरी पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे दस्त्याची लांबी. त्यांनी बंदूक खांद्याला लावली की अंगठ्याच्या मागच्या सांध्यात आणि नाकात साधारण दीड इंच, म्हणजे दोन बोटांचं अंतर राहायला हवं. जास्त राहिलं तर लांबी जास्त आहे. पातळ पॅड लावून पाव ते अर्धा इंच सहज कमी होतो, आणि त्यात परत फिरता येतं. त्याहून जास्त कमी करायचं असेल तर कंपनीचा आखूड दस्ता मागवा. एम2 च्या दस्त्यात बोल्ट पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगची नळी असते, म्हणून दुनळी बंदुकीच्या लाकडी दस्त्यासारखा हवा तेवढा तो कापता येत नाही.

मारा वर जाण्याचा हिशेब कागदावर करा. 16 यार्डांवर मोठा कागद लावा आणि एकाच ठिपक्यावर सहा-सात वेळा, बंदूक झटकन खांद्याला आणून, मारा. सावकाश नेम धरून मारलंत तर दस्त्याची चूक डोळा झाकून टाकतो. या बंदुकीत डोळा हीच मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण. डोळ्यापासून बॅरलच्या टोकावरच्या मण्यापर्यंत साधारण 36 इंच आणि कागदापर्यंत 576 इंच, म्हणजे सोळा पट. दस्ता एक सोळांश इंच हलवला की मारा एक इंच हलतो. छर्ऱ्यांचा मध्य ठिपक्याच्या 4 इंच वर असेल तर गाल टेकतो ती कड पाव इंच खाली हवी. उजव्या खांद्यावरून मारताना मारा डावीकडे जात असेल तर दस्ता उजवीकडे वळवायचा.

यासाठीच्या शिम, म्हणजे दस्त्याचा कोन बदलणाऱ्या पातळ चकत्या, बंदुकीबरोबर मिळतात. शिम रिसीव्हर आणि दस्त्याच्या मधे बसते. शिमवर जे अक्षर असेल, दस्त्याच्या आत मागे लागणारी पट्टी त्याच अक्षराची असली पाहिजे. एका वेळी एकच शिम बदला, पुन्हा कागद लावा. लांबी नीट केल्यावर गाल वेगळ्या जागी टेकतो, म्हणून लांबी आधी, शिम नंतर.

प्रश्न: एम2 फार हलकी वाटते, झोल (तबकडीमागे बंदूक फिरवण्याची गती) मधेच थांबतो. मॅगझिनच्या टोपीत 8 औंसचं वजन घातलं तर हलकी काडतुसं अडकायला लागली. (सॅन अँटोनियो)

वजन हेच कारण. ही बंदूक वायूवर चालत नाही. धक्क्याने सगळी बंदूक मागे सरकते, बोल्टचा जड भाग क्षणभर जागेवर राहतो आणि त्यामुळे दबलेली स्प्रिंग पुढचं काम करते. बंदूक जड केली की ती कमी सरकते. वजन काढा आणि 2 औंसपासून पुढे चढत जा, प्रत्येक टप्प्यावर 25 काडतुसांची चाचणी घ्या. 1 औंसचं काडतूस चालतं आणि 7/8 चं अडतं असं दिसलं तर तुमची मर्यादा तिथेच. रायफलच्या सवयीने बोल्ट हाताने धरून हळू बंद करू नका. त्याचं डोकं पूर्ण वळून अडकत नाही आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो. वजनदार झोल हवाच असेल तर वायूवर चालणारी बंदूक घ्या, तिथे पुढे वजन वाढवलं तरी चक्र बिघडत नाही.

प्रश्न: कोणते चोक घ्यावेत? (ऑस्टिन)

दोन पुरतात. स्कीटला साधारण 0.005 इंच आवळणारा, लांबच्या क्लेजला 0.015 च्या आसपासचा, म्हणजे मॉडिफाइड. पेटीभर चोक घेऊन उभ्या जागी गोंधळणारे पुष्कळ दिसतात. कंपनीगणिक आटे वेगळे असतात. ‘जवळपास बसतो’ म्हणजे बसत नाही. आट्यांना चिकटप्रतिबंधक ग्रीस लावा आणि प्रत्येक फेरीनंतर, बंदूक रिकामी करून, चोक घट्ट आहे ना ते पाहा. सैल चोक बॅरलचं तोंड फाडतो.

प्रश्न: फोर्सिंग कोन (चेंबर संपून बॅरलची नळी निमुळती होते तो भाग) लांब करणं, बॅरलला तोंडाजवळ भोकं पाडणं, चाप हलका करणं, यांतलं काय फायद्याचं? (ह्यूस्टन)

पहिली दोन्ही कामं वीस बोअरला पैसे वाया घालवणारी. बॅरलच्या आत क्रोमचा थर असेल तर रीमरने (नळी आतून कोरणाऱ्या पात्याने) तो निघून जातो. भोकांनी आवाज आणि काजळी वाढते. चापाचं काम फक्त जाणत्या गनस्मिथकडे. जास्त हलका केलेला चाप सेमी-ऑटोत एका ओढीत दोनदा उडू शकतो. आणि पहिल्या दोन कामांच्या पैशांत चांगलं रबरी पॅड येतं.

प्रश्न: घरात बारा आणि वीस, दोन्ही आहेत. काही काळजी? (डॅलस)

दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीच नाहीत. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरून बॅरलमध्ये अडकतं, मागे बाराचं बसतं आणि उडवलं की बॅरल फुटतं. वीसची टरफलं पिवळी करतात ती यासाठीच. रेंजवर जाताना एकच बोअर न्या.

प्रश्न: आमच्याकडे परवान्याची जुनी बारा बोअर आहे. बॅरल थोडं कापून आटोपशीर करता येईल का? (कोल्हापूर)

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 प्रमाणे त्यासाठीचा वेगळा परवाना नसताना बॅरल आखूड करणं गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. अमेरिकेतल्या वाचकांनाही 1934 च्या कायद्याने आधी नोंदणी आणि मंजुरी घेतल्याशिवाय 18 इंचांखाली जाता येत नाही. बंदूक लांब पडते ती बहुतेक वेळा दस्त्यामुळे. वर डॅलसच्या वाचकांना सांगितलेलं मोजमाप आधी घेऊन पाहा.