सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, थांबू की दाखवू?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कांजूरमार्गला राहतो, मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आई, बाबा, मम, टाटा, कुत्र्याला भू असे मिळून दहा-बारा शब्द बोलतो पण दोन शब्द जोडून काहीच नाही. कळतं सगळं, चप्पल आण म्हटलं की आणतो, काही हवं असलं की बोट दाखवतो नाहीतर हात धरून फ्रिजपाशी नेतो. मी नोकरी करते, दिवसभर तो सासूबाईंकडे असतो. त्या म्हणतात त्याचा बाबाही साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, जीभ जड असेल, म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटवतात. आमचे डॉक्टर म्हणाले तीन वर्षांपर्यंत वाट बघा, प्लेग्रुपच्या टीचर म्हणतात घरी फक्त इंग्लिश बोला, आणि थेरपी लावली तर पोरावर शिक्का बसेल असं मिस्टरांना वाटतं. मी काय करू?

उत्तर : दाखवा, आणि तीन वर्षांची वाट बघू नका. दोन वर्षांच्या आसपास मुलांकडे साधारण 50 शब्द असतात आणि 'बाबा गेला', 'अजून दूध' असं जोडून बोलणं सुरू होतं. तुमचा मुलगा त्याच्या बराच मागे आहे. उशिरा बोलणारी कितीतरी मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हे खरंय, पण त्यातलं कुठलं येईल हे आज कुणीच सांगू शकत नाही, म्हणून तपासून घ्यायचं. तो बोट दाखवतो, सांगितलेलं करतो, ह्या मात्र फार चांगल्या खुणा आहेत, त्या तपासणाऱ्यांना आवर्जून सांगा.

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका, ते उपयोगाचं आहे. घरात कुणी उशिरा बोललेलं असेल तर मुलाला तसं होण्याची शक्यता वाढते, म्हणजे बाबाची गोष्ट हे थांबायचं नाही तर लवकर जायचं कारण आहे, त्यांना असंच सांगून बघा, आणि जाताना त्यांनाही घेऊन जा, कारण दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो. वेखंडाने बोलणं येतं असा काही पुरावा नाही, रोज पोटात जात असेल तर ते थांबवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. जीभ खाली चिकटलेली असेल तर फार तर काही उच्चार अडतात, त्यामुळे बोलणंच सुरू होत नाही असं सहसा नसतं.

सगळ्यात आधी कान. हाक मारली की वळतो म्हणजे ऐकू येतं असं आपण धरून चालतो, पण सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मुलाला आवाज येतो, शब्द मात्र पाण्यात डोकं बुडवून ऐकल्यासारखे येतात. ओएई या कानाच्या टेस्टला फार वेळ लागत नाही, बेरा म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट सांगितली तर ती झोपेत करतात, म्हणून त्या दिवशी दुपारची झोप आधीच होऊ देऊ नका.

वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, 1983 पासूनची, तिथे कान आणि बोलणं दोन्ही एका छताखाली बघतात. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलमध्येही ऑडिओलॉजी म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आणि स्पीच थेरपीचा विभाग आहे. आधी फोन करून ओपीडीचे वार आणि वेळ विचारा, कारण पिकअवरला दादरला गाडी बदलून लहान पोराला न्यायचं आणि मग कळायचं की आज केसपेपर निघत नाही, हे नको. थेरपीला वेटिंग असेल तर नंबर लावून ठेवा आणि तोवर जवळपासचा खाजगी थेरपिस्ट बघा, फक्त त्यांचा आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, विचारायला लाजू नका. 'तीन महिन्यांत बोलता करतो' अशी गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊ नका, आणि आईवडिलांना बाहेर बसवून दार लावून घेत असतील तर का ते विचारा, कारण आठवड्यातला तो थोडा वेळ पुरत नाही, तिथे बघितलेलं घरी करायचं असतं.

जाण्याआधी दोन-तीन दिवस तो बोलतो ते सगळं वहीत लिहा, सगळ्या भाषांमधलं. प्रत्येक कुत्र्याला 'भू' म्हणत असेल तर तो शब्दच आहे, मोजा. आणि घरी खेळतानाचे मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढा, नव्या जागी मुलं हमखास गप्प बसतात. तिथे तुम्हाला गरोदरपण, जन्म, कावीळ झाली होती का, असं बरंच विचारतील, त्याच्याशी खेळतील, कदाचित एम-चॅटचे 20 प्रश्न भरून घेतील. ती ऑटिझमची फक्त चाळणी आहे, निदान नाही, 16 ते 30 महिन्यांच्या सगळ्याच मुलांसाठी असते, तेव्हा फॉर्म बघून घाबरू नका. मिस्टरांना सांगा, शिक्का वगैरे काही बसत नाही, रिपोर्ट तुमच्याच हातात असतो. आणि मधेच येत असलेले शब्द बंद झाले, नजर द्यायचा थांबला, नावाला वळेनासा झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

घरी मराठीच बोला, बिनधास्त. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं अडत नाही, आणि आजीने ओढूनताणून इंग्लिश बोलायचं म्हणजे गप्पाच कमी होणार. 'बोल ना, बोल ना' असा तगादा मात्र नको. तो 'गाडी' म्हणाला की तुम्ही 'लाल गाडी', 'गाडी आली' म्हणा, दूध की केळं असं विचारून दोन्ही समोर धरा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा, आपण मोठी माणसं फार लवकर उत्तर देऊन टाकतो. जेवताना मोबाइल बंद. दोन वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या वर स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याहून कमी असेल तर उत्तमच, पण आजवर दाखवला म्हणून हे झालं असं मनाला लावून घेऊ नका.

प्लेग्रुप चालू ठेवा. आणि केसपेपर, कानाचे रिपोर्ट, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड यांच्या झेरॉक्स काढून एक फाईल करा, पुढे जिथे जाल तिथे पहिल्यांदा तीच मागतील.