उमाबाई दाभाड्यांना पैठणी नेसवू नका

प्रश्न : सेनापती उमाबाई दाभाडे यांच्यावर ४५ मिनिटांची एकांकिका बसवतोय. वेशभूषा काळाला धरून, पण स्वस्तात कशी करावी?

उत्तर : आधी प्रसंगांची सालं बघा. पती खंडेराव १७२९ मध्ये गेले. मुलगा त्रिंबकराव डभईच्या लढाईत पडला १७३१ मध्ये. ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्धचं बंड १७५०-५१ चं. म्हणजे तुमचे बहुतेक प्रसंग वैधव्यातले. नथ, मंगळसूत्र, कुंकू, हिरवा चुडा बाद. मालिकांमधल्या राण्या डोळ्यांपुढून काढून टाका. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

साधं सुती नऊवारी घ्या, बारीक काठांचं. पांढराशुभ्र रंग दिव्यांखाली इतका चमकतो की नटीचा चेहरा काळवंडतो. म्हणून १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम चहा पावडर उकळून गाळा, मूठभर मीठ घाला आणि धुऊन खळ काढलेलं ओलं लुगडं २० मिनिटं सतत हलवत बुडवा. हलवलं नाही तर डाग धरतात. चोळी त्याच पाण्यात, त्याच वेळी; नंतर छटा जुळत नाही. पॉलिएस्टर असेल तर हा उद्योग करूच नका, रंग चढत नाही.

शिवलेलं तयार नऊवारी टाळा, बसता-उठता कासोटा खोटा दिसतो. खरं नेसवायचं तर आत सुती अर्धी चड्डी हवी. सॅटिनवर निऱ्या घसरतात. कमरेला दोन बोटं रुंद सुती पट्टी घट्ट बांधा, निऱ्या नि कासोटा तिच्यातच खोवा. पदर डोक्यावरून सरकतोच, आणि मग नटीचा एक हात कायम तिथेच अडकतो. पदराच्या आतून दोन छोटे लूप शिवून ते अंबाड्याला पिनांनी अडकवा. चोळी समोर गाठीची. गाठ सैल पडते म्हणून तिच्याखाली लपवून दोन हुक लावा.

अहमदाबादच्या मोहिमेनंतर शाहू महाराजांनी उमाबाईंना पायातले सोन्याचे तोडे दिले, असं परंपरा सांगते. मला विचाराल तर ते पायात नकोत, तबकातच राहू द्या. प्रेक्षकाला जास्त दिसतात. घालायचेच असतील तर पितळी तोड्यांना आतून फेल्ट चिकटवा, नाहीतर घोटा सोलवटतो आणि प्रत्येक पावलाला खणखण माईकमध्ये जाते.