सहा जणांच्या टीमने चालू मोनोलिथ मोडून मायक्रोसर्व्हिसेसकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की टीम सहा जणांची, जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवरचं ॲप्लिकेशन आठ वर्षांचं आणि मोनोलिथ, म्हणजे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये, आणि नवे सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) म्हणतायत की दिवाळीपर्यंत त्याचे पंधरा-वीस तुकडे, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या मायक्रोसर्व्हिसेस, झालेच पाहिजेत. नको म्हटलं तर आपण जुनाट ठरू, ही तुमची धास्ती.

ठरलात तर ठरलात, पण नको म्हणा. मी हा उद्योग करून बसलोय.

आम्ही सात जण होतो, वाहतूक व्यवसायासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. दीड वर्षात त्याच्या अकरा सर्व्हिसेस केल्या. चुली वेगळ्या मांडल्या, रेशनकार्ड मात्र एकच ठेवलं: सगळ्यांचा डेटाबेस तोच. एका टेबलात कॉलम वाढवायचा तर चार सर्व्हिसेस बदला, चारही डिप्लॉय करा, म्हणजे सर्व्हरवर नव्याने चढवा, तेही ठरलेल्या क्रमाने. क्रम चुकला की बोंब. एका शनिवारी संध्याकाळी ग्राहकांचे पैसे कापले गेले आणि बिलंच तयार झाली नाहीत. आधी ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायची, म्हणजे झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. काही बिनसलं तर सगळं रोलबॅक, म्हणजे पूर्ववत, विषय संपला. आता पेमेंट सर्व्हिस बिलिंगला नेटवर्कवरून हाक मारत होती, त्या हाकेला वेळेत उत्तर न मिळून टाइमआउट आला, आणि तसं झालं तर पुढे काय करायचं हे कुणी लिहिलंच नव्हतं. पाच खिडक्यांत पाच लॉग उघडून हे सापडेपर्यंत रविवारची पहाट झाली.

हा हिशोब सीटीओंसमोर कागदावर मांडा. एकाच प्रोसेसमधला, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममधला, फंक्शन कॉल नॅनोसेकंदांत होतो. त्याच डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या सर्व्हरला विचारून यायला साधारण अर्धा मिलिसेकंद जातो. तो वेळ एकवेळ परवडेल. पण समजा एक विनंती दहा सर्व्हिसेसमधून जाते आणि प्रत्येक 99.9 टक्के वेळ चालू असते. दहाही एकाच वेळी चालू असण्याचं प्रमाण 99 टक्क्यांवर येतं. महिन्याला 43 मिनिटं बंद असणारी गोष्ट सात तास बंद राहू शकते, आणि कुणाच्याही कोडमध्ये नवा बग नसताना!

सीटीओ नेटफ्लिक्सचं उदाहरण देतीलच. 2008 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तिथून ते क्लाउडकडे आणि मायक्रोसर्व्हिसेसकडे निघाले आणि ते स्थलांतर 2016 च्या जानेवारीत संपलं. सात वर्षं लागली, तीही त्यांच्याएवढ्या मनुष्यबळाला. तुमच्याकडे सहा माणसं आणि दिवाळी.

उलटीकडची उदाहरणं सहसा कुणी सांगत नाही. ग्राहकांचा डेटा गोळा करून देणाऱ्या सेगमेंट या कंपनीने 2018 मध्ये जाहीरपणे लिहिलं की 140 हून जास्त सर्व्हिसेस त्यांनी परत एकत्र केल्या, कारण तीन इंजिनिअरांचा बहुतेक वेळ ते सगळं नुसतं जिवंत ठेवण्यात जात होता. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमचं 2023 चं प्रकरण तर अजून मजेशीर. व्हिडिओचा दर्जा तपासणारी त्यांची यंत्रणा ॲमेझॉनच्याच क्लाउडमधल्या लॅम्डा (छोटी फंक्शन्स चालवणारी सेवा) आणि स्टेप फंक्शन्स (ती क्रमाने जोडणारी सेवा) यांच्या तुकड्यांवर उभी होती, आणि अपेक्षित भाराच्या 5 टक्क्यांवरच तिची दमछाक झाली. प्रत्येक पायरीचे पैसे, वर व्हिडिओच्या फ्रेम एस-थ्री या क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवायच्या आणि परत काढायच्या. सगळं एका प्रोसेसमध्ये आणलं, डेटा मेमरीतच फिरू लागला, खर्च 90 टक्क्यांनी उतरला. एवढ्यावरून मायक्रोसर्व्हिसेस टाकाऊ ठरत नाहीत. शंभर-दोनशे जण एकाच कोडबेसमध्ये एकमेकांच्या पायात पाय घालत असतील, तर वेगळं व्हावंच लागतं. सहा जण एका टेबलावर बसून बोलू शकतात.

म्हणून सीटीओंना एवढंच विचारा: आज नेमकं काय दुखतंय? रिलीजला दोन तास लागत असतील तर टेस्ट आणि कोड सर्व्हरपर्यंत नेणारी पाइपलाइन सुधारा. कोड गुंतला असेल तर आहे त्याच ॲप्लिकेशनमध्ये मॉड्यूल पाडा, प्रत्येकाला डेटाबेसमध्ये स्वतःची स्कीमा, म्हणजे टेबलांचा वेगळा कप्पा, द्या, आणि दुसऱ्याच्या टेबलात हात घालणारा पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडबदलाचा प्रस्ताव, मुख्य कोडमध्ये मर्ज करू नका. एखाद्याच कामाचा भार वेगळा असेल, समजा महिनाअखेरीला हजारो पीडीएफ बनवायच्या असतील, तर तेवढंच बाहेर काढून क्यूवर, म्हणजे कामांच्या रांगेत, टाका.

आता थोडं खासगीतलं. नोकरीच्या जाहिरातींत कुबरनेटिस (अशा अनेक सर्व्हिसेस सर्व्हरांवर चालवणारं साधन) आणि मायक्रोसर्व्हिसेस मागतात, त्यामुळे या आग्रहात सगळ्यांच्याच रेझ्युमेचा थोडा वाटा असतो. आमच्याकडे सर्वांत मोठ्या आवाजात हो म्हणणारा मीच होतो, आणि पुढची नोकरी मला त्यावरच मिळाली.

जुन्या टीमच्या अकरा सर्व्हिसेस आता तीनवर आल्यात. त्यातली नोटिफिकेशनची ज्याने लिहिली तो केव्हाच सोडून गेला. ती चालते, म्हणून तिला कुणी हात लावत नाही.