ऱ्होड्स आणि पर्गामम एकत्र का आले?

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. अलेक्झांडरनंतरच्या छोट्या ग्रीक राज्यांनी मोठ्या राजांविरुद्ध युती केली, असं तिच्या पुस्तकात आहे. पण हीच राज्यं एरवी आपसात भांडायची. मग एकत्र कशी आली? स्वातंत्र्याच्या ओढीनं? – एक वाचक, डिचोली

उत्तर : ओढ होतीच, पण नुसत्या तेवढ्यावर आरमार उभं राहत नाही. तीस वर्षं इतिहास शिकवताना मी मुलांना एकच सांगत आले, युती समजून घ्यायची तर आधी प्रत्येकाची चूल कशावर पेटते ते बघा. तुम्ही डिचोलीचे, तुम्हाला हे मी काय सांगू! माझे वडील मांडवीवर खनिजाच्या बार्जवर होते. २०१२ ला गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा ते हयात नव्हते, पण नदीकाठी रांगेनं उभ्या राहिलेल्या बार्जी बघून मला ऱ्होड्सच आठवलं.

ऱ्होड्स हे ग्रीक बेट, त्याची चूल बंदरावर पेटायची. इजिप्तचा गहू, काळ्या समुद्राकडचं धान्य, सगळी वाहतूक त्या बेटावरून. इ.स.पू. २२० मध्ये बायझँटियमनं, म्हणजे आजच्या इस्तंबूलनं, काळ्या समुद्राच्या तोंडाशी जहाजांवर कर बसवला, तर ऱ्होड्सनं थेट युद्ध पुकारलं. बायझँटियमचीही अडचण खरी होती, गॉल टोळ्यांना खंडणी भरून शहर मेटाकुटीला आलं होतं. आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या पर्गाममचा राजा अ‍ॅटलस तेव्हा बायझँटियमच्या बाजूनं झुकला होता. म्हणजे भांडत होते हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. आणि १९ वर्षांनी हे तिघे एकाच आरमारात होते.

मधल्या काळात काय बिघडलं? इजिप्तच्या गादीवर पाच-सहा वर्षांचा पोर आला, पाचवा टॉलेमी. मॅसेडोनियाचा पाचवा फिलिप आणि सिरियाचा तिसरा अँटायोकस यांनी त्याचा मुलूख वाटून घ्यायचं ठरवलं. तोवर ही तीन मोठी राज्यं एकमेकांना तोलून धरून होती. त्या ओढाताणीत लहानांना जागा मिळायची, एकानं दाबलं की दुसऱ्याकडे जाता यायचं. आता ती दुसरी दारंच बंद व्हायला लागली. मुलीला नकाशा काढायला सांगा. इ.स.पू. २०२ मध्ये फिलिपनं घेतलेली लिसिमाखिया, कॅल्सेडन, किउस आणि थासोस ही शहरं तिला काळ्या समुद्रातून येणाऱ्या धान्याच्या वाटेवर किंवा वाटेजवळच सापडतील.

किउसची गोष्ट मला कधी विसरता आली नाही. फिलिपनं शहराला वेढा घातलेला, ऱ्होड्सचे वकील मध्यस्थीला गेलेले, आणि राजा त्यांना आशा लावून झुलवत ठेवत होता. त्याचा वकील ऱ्होड्सच्या नाट्यगृहात लोकांसमोर उभा राहून आपल्या राजाच्या मोठ्या मनाचं गुणगान करत होता. तेवढ्यात बातमी आली, की किउस पडलं आणि तिथले लोक गुलाम केले गेले. भाषण चालू असतानाच! ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, की त्या दिवसापासून ऱ्होड्सनं फिलिपला शत्रू मानलं. धान्याची वाट तर धोक्यात आलीच होती, आता त्याच्या शब्दालाही किंमत उरली नाही. माझ्या मते युती तिथे पक्की झाली.

इ.स.पू. २०१ मध्ये खिओस बेटाजवळ फिलिपच्या आरमाराशी लढाई झाली. अ‍ॅटलस तयारीतच वेळ काढत होता, ऱ्होड्सचा आरमारप्रमुख थिओफिलिस्कस यानं त्याला लढायला भाग पाडलं. लढाईत अ‍ॅटलसचं जहाज शत्रूनं किनाऱ्याकडे रेटलं, तेव्हा त्यानं डेकवर जांभळी राजवस्त्रं आणि भांडीकुंडी पसरून ठेवली. मॅसेडोनियाचे सैनिक ती लुटायला थांबले आणि राजा जमिनीवरून निसटला. थिओफिलिस्कस मात्र तीन जखमा घेऊन परतला, घरी लढाईचा वृत्तांत लिहून पाठवला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

पण दोघांच्या ताकदीनं फिलिप आवरणारा नव्हता, म्हणून त्यांनी रोमकडे वकील पाठवले. इ.स.पू. १९७ मध्ये रोमनं फिलिपला हरवलं, पुढे अँटायोकसलाही. १८८ च्या तहात ऱ्होड्सला समोरच्या किनाऱ्यावरच्या लिशिया आणि कॅरिया या प्रांतांचा बराचसा भाग मिळाला, पर्गाममला त्याहून जास्त. त्या घटकेला युती सफळ झाली असंच कुणीही म्हटलं असतं.

मात्र आता रोमला तोलून धरणारा कुणी उरला नव्हता. इ.स.पू. १६८ मध्ये ऱ्होड्सनं रोम आणि मॅसेडोनिया यांच्यात मध्यस्थी करायचा प्रयत्न केला, त्याचा रोमला राग आला. लिशिया, कॅरिया काढून घेतले गेले. डेलॉस बेट जकातमुक्त बंदर म्हणून जाहीर झालं आणि व्यापार तिकडे वळला. ऱ्होड्सच्या बंदराचं उत्पन्न १० लाख द्राख्मांवरून (द्राख्मा म्हणजे ग्रीक चांदीचं नाणं) दीड लाखावर आलं. हे आकडे ऱ्होड्सच्याच वकिलानं रोमच्या सिनेटसमोर उभं राहून, दया मागताना सांगितले.