मंडळाच्या स्टेजवर बाप्पा आणि बाजूला उमेदवार

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही वीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. सासरे दर वर्षी सहा महिने आमच्याकडे असतात. मुलगा कॉलेजात आहे, नुकताच मतदार झालाय. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गायिका टेलर स्विफ्टने कमला हॅरिसना पाठिंबा दिला तेव्हापासून घरात जी ठिणगी पडलीय ती विझतच नाही. सासरे म्हणतात, "गाणी म्हणणाऱ्यांना राजकारणातलं काय कळतं?" आणि दुसऱ्या दिवशी तेच एका हिंदी नटाचा प्रचाराचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकतात. त्यात गेल्या गणपतीत मंडळात एक स्थानिक उमेदवार आला. शेला घालून आरती केली, हातातल्या मोदकाचं काय करायचं ते न कळून तो तसाच धरून माइकवर गेला आणि मतं मागितली. सासरे इतके खूश, की पन्नास डॉलर काढून त्याला द्यायला निघाले. मुलगा भडकला, "चर्चमध्ये हे झालं तर तुम्हीच नावं ठेवता!" सासरे म्हणाले, "आपल्या देवाला कोणी मान देतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?" आता दोघं वेगवेगळ्या वेळी जेवतात. नवरा चहाचा कप घेऊन बेसमेंटमध्ये जातो. मी काय करू?
— दोघांना गरम पोळ्या वाढून दमलेली सून

उत्तर : आधी नवऱ्याला बेसमेंटमधून वर बोलवा. वडील त्यांचे, मुलगा दोघांचा, आणि मध्यस्थी एकट्या सुनेने करायची हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

दुसरं, ते पन्नास डॉलर. दिले नसतील तर सुटलात. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेतल्या कुठल्याही उमेदवाराला, अगदी गावच्या कौन्सिलच्या उमेदवारालाही, एक डॉलरही देता येत नाही. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही नाही. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मत मात्र नागरिकालाच. हे सासऱ्यांना सगळ्यांसमोर सुनावू नका. चहाच्या वेळी, एकटे असताना सांगा. कायद्याला मान देणारी पिढी आहे ती, ऐकतील.

आता टेलर स्विफ्ट. 10 सप्टेंबर 2024 ला हॅरिस आणि ट्रम्प यांची वादसभा संपल्यावर तिने पोस्ट टाकली. मी माझा अभ्यास केलाय, तुमचा तुम्ही करा, असा त्याचा सूर होता. सोबत मतदार नोंदणीच्या सरकारी साइटचा दुवा होता आणि चोवीस तासांत त्यावरून चार लाखांहून जास्त लोक त्या साइटवर गेले. हॅरिस तरीही हरल्या. उलट उदाहरण टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचं. तिने ओबामांना दिलेल्या पाठिंब्याचा हिशेब दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला. तिचं मासिक कुठल्या भागात किती खपतं ते पाहून त्यांनी अंदाज काढला, की 2008 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, ओबामांना त्यामुळे सुमारे दहा लाख मतं जास्त पडली असावीत. म्हणजे कलाकारांमुळे काहीच होत नाही असं नाही आणि त्यांच्यामुळेच सगळं होतं असंही नाही.

पण तुमच्या सासऱ्यांना ओप्राचं काय? त्यांना पु. लं.ची आठवण करून द्या. 1977 मध्ये आणीबाणीविरोधात पु. ल. देशपांडे सभा घेत फिरले. त्या वेळी सासरे ऐन तारुण्यात असणार, कदाचित एखाद्या सभेत उभेही असतील. "विनोदी लेखकाला राजकारणातलं काय कळतं" असं तेव्हा म्हणाले होते का, एवढंच विचारा. आणि मुलाला विचारा, 2004 मध्ये उत्तर मुंबईत गोविंदाने राम नाईकांना हरवलं. राम नाईक पेट्रोलियममंत्री होते, त्या भागातून पुन्हापुन्हा निवडून आलेले. तेव्हाच्या मतदारांनी किती अभ्यास केला असेल असं त्याला वाटतं? दोघंही थोडे गप्प होतील. ती शांतता मोडू नका.

फॉरवर्डबद्दल मात्र मी सासऱ्यांच्या बाजूने बोलणार नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या ऐन धामधुमीत, आमिर खानचा एका पक्षाला पाठिंबा देणारा व्हिडिओ फिरला. तो बनावट होता. त्याने मुंबई पोलिसांत तक्रार केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेलर स्विफ्ट ट्रम्पना पाठिंबा देतेय अशी खोटी चित्रंही फिरली, खुद्द ट्रम्पनी ती टाकली होती, आणि आपण उघड भूमिका घेण्यामागे हेही कारण असल्याचं तिने त्या पोस्टमध्ये लिहिलं. तेव्हा घरात एक नियम करा. ग्रुपवर टाकण्याआधी व्हिडिओ नातवाला दाखवायचा. नातवाने त्यावर हसायचं नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा कडक पाळायची.

आता मंडळ. इथे मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे, अगदी स्पष्ट. आपली बरीचशी मंडळं फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री आहेत, म्हणजे करमाफी घेतलेल्या संस्था. लिंडन जॉन्सन सिनेटर असताना 1954 मध्ये त्यांच्या दुरुस्तीने नियम आला, की अशा संस्थेने कुणा उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरायचं नाही. 2025 च्या जुलैत आयआरएसने, म्हणजे इथल्या कर खात्याने, टेक्सासमधल्या एका खटल्यात जरा सैल भूमिका मांडली, पण ती प्रार्थनास्थळांनी उपासनेच्या निमित्ताने आपल्याच भाविकांशी बोलण्याबद्दल होती. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन गणपती बसवणाऱ्या मंडळाने त्या आडोशाला जाऊ नये. उमेदवाराला बोलवायचंच असेल तर सगळ्या उमेदवारांना सारखं बोलावणं, सारखी मिनिटं. नाहीतर त्याने यावं, नमस्कार करावा, महाप्रसादाला बसावं, निवडणुकीचा न सुद्धा काढू नये.

सासरे म्हणतील, लोकमान्यांनी गणपती सार्वजनिक केला तो राजकारणासाठीच ना? बरोबर आहे. पण तिथे लोक परक्या सरकारविरुद्ध एकत्र जमत होते, पालिकेच्या जागेसाठी कुणाला मतं मागत नव्हते. आणि स्वतंत्र भारताच्या कायद्यात धर्माच्या नावाने मतं मागणं हा भ्रष्ट आचारच आहे. त्याचे दोन गाजलेले खटले आपल्याच मुंबईतले. 1987 ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभूंची. ती रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये तो निकाल कायम केला आणि त्यातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. दुसरा सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीतून निघालेला. 2017 च्या जानेवारीत सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला, की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मतं मागता येणार नाहीत. चार विरुद्ध तीन! न्यायमूर्तींचंच एकमत होत नाही, तिथे तुमच्या डायनिंग टेबलवर कसं होणार?

मला खरी मेख वेगळीच दिसते. तिकडे आपण बहुसंख्य, इकडे मूठभर. विमानात बसलं की आपलं मत बदलतं. 1960 मध्ये केनेडींना ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं होतं, की मी कॅथलिक असलो तरी कारभार चर्चच्या सांगण्यावरून करणार नाही. 2023 च्या डिसेंबरात आयोवात, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या हिंदू विवेक रामस्वामींनाही विचारलं गेलं, की देशाच्या संस्थापकांचा धर्म तुमचा नाही, म्हणून तुम्ही अध्यक्ष होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? ती क्लिप सासऱ्यांनी पाहिली तर चिडतील, आणि चिडावंच. मग मुलाने फक्त एवढं विचारावं, "आजोबा, हाच प्रश्न तिकडे कुणाला विचारला जातो?" बस. व्याख्यान नको.

आणि मुलालाही एक सांगा. चाळीस वर्षं जे लोक इथे कुणाच्या खिजगणतीत नव्हते, त्यांच्या आरतीला एक गोरा माणूस उभा राहतो तेव्हा आजोबांच्या वयाच्या माणसाला भरून येतं. तो भाबडेपणा असेल, पण लबाडी नाही. नियम मोडला तो मंडळाच्या समितीने, आजोबांनी नव्हे.

म्हणून समितीला पत्र जाऊ दे : पुढच्या वर्षी स्टेजवरून प्रचार नको. इंग्रजी मसुदा मुलाने करायचा, मराठी सासऱ्यांनी, आणि दोन्हींत अर्थ एकच आहे ना हे नवऱ्याने तपासायचं, वरच्या मजल्यावर बसून. "उमेदवार"ला ऱ्हस्व की दीर्घ यावरून तासभर वाद होईल. तेवढ्या वेळात तुम्ही गरम पोळी खाऊन घ्या.