लहान मुलांना बुलबुलाच्या घरट्याजवळ जाऊ द्यावं का? पिल्लांची काळजी घ्यायला कसं शिकवावं?

खिडकीच्या आतून, पडद्याआडून हवं तेवढं बघू द्या. घरट्यापाशी नाही, आणि स्टुलावर चढून तर अजिबात नाही. एवढं सांगून मी थांबले असते. पण तुम्ही लिहिलंय की मुलं चार आणि सहा वर्षांची आहेत आणि घरातले मोठे म्हणतात, ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’. याच वाक्यावरून आमच्या घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आमच्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलांचं घरटं होतं. तीन पिल्लं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. एक खाली पडलं. माझा मुलगा आणि पुतणी ओरडत आत आली, तोवर भाऊजींची बुटांचा खोका, कापूस, ड्रॉपरमध्ये दूध अशी जय्यत तयारी झालीसुद्धा. मी म्हटलं, पक्षी काय सस्तन प्राणी आहे का दूध पाजायला? शिवाय इवल्या चोचीत वरून पातळ काही सोडलं की ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरतं, मग ते दूध असो की पाणी. मी पिल्लू उचललं. अंग कोमट होतं, कुठे लागलेलं नव्हतं. सरळ घरट्यात ठेवून दिलं. भाऊजी म्हणाले, “झालं! वहिनी, तुम्हीच मारलंत त्याला. आता आई फिरकत नाही.”

फिरकली की. आम्ही सगळे पडद्याआड आणि ती अळी घेऊन घरट्याच्या काठावर. मुलांनी उघडलेल्या तीन चोची मोजल्या. आपल्या हाताचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लं टाकत नाहीत. त्यांच्यामागे एवढी धावपळ केलेली असते, ती वासासाठी कोण सोडेल?

पुढे काही दिवसांनी एक पिल्लू नाहीसं झालं. भाऊजींच्या मते तेच, हात लागलेलं. नातेवाईक जमले की आजही हा किस्सा निघतो. तिन्ही पिल्लं हुबेहूब सारखी, मग गेलं ते कुठलं हे यांना कसं कळलं? ते कावळ्याने नेलं, पुतणीने स्वतः पाहिलं. आणि हे गृहस्थ त्या दिवसांत फॅमिली ग्रुपवर फोटो टाकण्यासाठी सारखे स्टुलावर चढत होते. प्रत्येक वेळी बुलबुल दचकून उडायचे, आरडाओरडा करायचे, घरटं उघडं पडायचं. कावळ्याचं अशा गोंधळाकडे बरोबर लक्ष असतं.

म्हणून मुलांना एक खूण शिकवा. बुलबुल चोचीत किडा धरून शेजारच्या फांदीवर नुसताच बसलाय, घरट्यात शिरत नाही, म्हणजे आपण फार जवळ आहोत. मागे सरकायचं. माझ्या मुलाला ही खूण इतकी पटली की तो काकाला शर्टाला धरून मागे ओढायचा. दुसरी गंमत शीची. पिल्लाची शी पांढऱ्या पिशवीसारख्या आवरणात येते आणि आईबाप ती चोचीत उचलून लांब नेऊन टाकतात, कधी गिळतातही. चार वर्षांच्या मुलाला याहून मोठी करमणूक नाही. त्याआधी अंडी उबवण्याचे १२ ते १४ दिवस मात्र काहीच घडत नाही. मुलं कंटाळतील. कंटाळू द्या.

काळजी म्हणजे बहुतेक न करायच्याच गोष्टी. वेल छाटू नका, कुंडी हलवू नका, औषध फवारू नका, कारण एरवी फळं खाणारा बुलबुल पिल्लांना किडे भरवतो. पाण्याचं उथळ भांडं ठेवा, पण घरट्यापासून लांब. खाऊ ठेवलात तर कावळेच आधी येतील.

पिसं आलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारताना दिसलं तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. घरट्यात परत कोंबू नका, पुन्हा उडी मारेल. जवळच्या झुडपात ठेवा, मांजर पाळलेलं असेल तर त्याला आत कोंडा. आईबाप तिथेच येऊन भरवतात.

हो, मांजराने तोंडात धरलेलं किंवा रक्त येत असलेलं पिल्लू असेल तर घरट्यात ठेवू नका. तेव्हा खोकाच बरोबर, आणि पक्ष्यांवर उपचार करणारं जे कोणी असेल त्यांच्याकडे लगेच न्या. हात लावलात तर साबणाने धुवा, मुलांचेही.

आणि कावळ्याला ते घरटं फोटोंशिवायही सापडलं असतं, हे मला मान्य आहे. बुलबुलांची कितीतरी घरटी अशीच जातात. पण उरलेली दोन पिल्लं आमच्या डोळ्यांदेखत उडून गेली, हे भाऊजी किस्सा सांगताना गाळतात. कावळ्याने तिघांतलं कुठलंही उचललेलं असू शकतं, म्हणजे मी हात लावलेलं पिल्लू वाचल्याची शक्यता तीनात दोन. आयुष्यभर बँकेत हिशेब केलेत त्यांनी, एवढं गणित यायला हरकत नाही.